दशा सोडवताना

उजेड नीट पडला की बसा. हे काम दिव्याखाली करू नका. का ते पुढे येईलच. पाऊस ओसरलेला असावा, भाद्रपद संपत आलेला, गच्चीत एका कडेला सावली असावी. कोल्हापुरात आषाढ-श्रावणात लोकर धुवायला काढली तर आठवडाभर कुबट वास घरात नांदतो. आता हरकत नाही.

मांडीवर पांढरी लोकरीची शाल आहे, दोन्ही टोकांना काळे पट्टे असलेली. ज्यू माणूस सकाळच्या प्रार्थनेला पांघरतो ती तालीत. आपल्याकडच्या बेने इस्रायली घरांत तिला सिसिथ म्हणतात. ज्याच्या घरी ती आहे त्याने हातांनी धुवावी, ज्याच्या घरी नाही त्याने मनाने. कोल्हापुरात सिनेगॉग नाही. घाट उतरून पुण्याला जावं तेव्हा 1867 सालचं सिनेगॉग, लाल देऊळ, दिसतं. पण चेऊलकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावं लावणारी, अलिबागेकडे शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून शनवार तेली म्हटली गेलेली ही माणसं मराठीच. त्यांची शाल आपल्या बादलीला परकी नाही.

पाण्याला अजून हात लावू नका. आधी चार कोपरे शोधा.

प्रत्येक कोपऱ्यात, कडेपासून थोडं आत, एक भोक आहे. त्यातून चार धागे ओवून दुमडले की आठ पदर लोंबतात. एक कोपरा तळहातावर घ्या. बोट वरून खाली सावकाश सरकू द्या. दुहेरी गाठ. सात वेढे. गाठ. आठ वेढे. गाठ. अकरा. गाठ. तेरा. गाठ. मग मोकळ्या दशा. ही युरोपातल्या ज्यूंची रीत. इतरत्र वेढ्यांचे आकडे निराळे असतात. तुमच्या बोटाला जे लागतील ते मोजा, आणि मोजताना चुकलात तर पहिल्या गाठीपासून पुन्हा सुरुवात करा. इथे चुकण्याने काही अडत नाही.

आता डोळे त्या दशांवर राहू द्या. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या गणना या पुस्तकात, 15व्या अध्यायाच्या शेवटी, या दशांची आज्ञा आली आहे. तिथे शालीच्या उबेविषयी काही नाही. दशा दिसाव्यात आणि दिसल्या की आज्ञा आठवाव्यात, एवढ्यासाठी त्या आहेत. दिसण्यावरचा हा भर रब्बींनी इतका काटेकोरपणे घेतला की हे बंधन दिवसापुरतंच ठरलं. रात्रीला ते लागू नाही. म्हणून मघाशी दिव्याला नको म्हटलं. पांघरलेली शाल माणसाला स्वतःला फारशी दिसत नाही, अर्धी तर पाठीवरच असते. धुताना मात्र चारही कोपरे डोळ्यांसमोर येतात. धुणं हे कमी प्रतीचं काम आणि प्रार्थना वरच्या प्रतीची, असं मला तरी म्हणवत नाही.

आता पाणी. थंडच. एकेका कोपऱ्यातले आठ पदर एकत्र करून मऊ सुती चिंधीत सैल बांधा, म्हणजे पाण्यात त्यांचा गुंता होणार नाही. लोकरीसाठी मिळतो तो सौम्य द्रव साबण पुरे. रिठा वापरायचा असेल तर पाणी फडक्यातून गाळून घ्या. सालीचे कण गाठीत शिरले की निघता निघत नाहीत. शाल बुडवा आणि हात पाण्यातच राहू द्या. चोळू नका. लोकर चोळली की आटते. घोंगडी सांभाळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

मानेवर येणारी पट्टी, अतारा, तिथे मळ जास्त आहे. तेल, घाम, उन्हाळे. तिथे अंगठा हलकेच फिरवा. दशांची टोकंही करडी झालेली दिसतील. शमा ही प्रार्थना म्हणताना चारही कोपऱ्यांच्या दशा मुठीत धरतात आणि ओठांना लावतात, त्याची ती खूण. कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्रायलींच्या कितीतरी पिढ्या इतर ज्यूंपासून तुटून राहिल्या, पुष्कळसं विसरलं गेलं, पण शमा तोंडी राहिला असं ते सांगतात. त्या करड्या टोकांशी थोडं थांबा. सगळं पांढरंशुभ्र झालंच पाहिजे असं नाही.

पाणी बदला. पुन्हा बदला. पिळू मात्र नका. पिळताना सगळा ताण कोपऱ्यातल्या भोकावर येतो आणि ते कडेपर्यंत फाटतं. पंच्यात गुंडाळून दाबा, मग सावलीत आडवी पसरा.

चिंध्या सोडा. आता खरं काम. दशा ओल्या आहेत, एकमेकींना चिकटल्या आहेत. त्या सुट्या करून पांघरायच्या असा दंडकच आहे, म्हणजे भक्त एरवीही रोज सकाळी हे करतो. एक पदर धरा, गाठीपासून टोकापर्यंत बोटांतून जाऊ द्या, बाजूला ठेवा. मग दुसरा. आठ झाले की पुढचा कोपरा. बत्तीस पदर. मन भाजीकडे, हप्त्याकडे, कुणाच्या तरी बोलण्याकडे जाईल, जाऊ द्या. बोटं पदरावर असली म्हणजे झालं.

एखादा तुटलेला सापडेल. उरलेल्या तुकड्याची सुरगाठ बसण्याइतकी लांबी असली तर बहुधा चालतं, तरी जाणकाराला दाखवा. स्वतः नवा धागा ओवू नका. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला, तेव्हापासून या जिल्ह्यात धाग्याला तोटा नाही. पण त्यातला एकही इथे उपयोगाचा नाही, कारण या दशांचं सूत कातायला घेतानाच ते याच कामासाठी आहे असं मनात धरावं लागतं. शालीला रफू करायचं तर सुती दोरा चालेल, लिननचा नको. लोकर आणि लिनन एकत्र नेसू नये ही आज्ञा तोरातल्याच अनुवाद या पुस्तकात दशांच्या आज्ञेला लागूनच आहे, 22व्या अध्यायात. जुन्या, निकामी दशा टाकून द्यायला नियमाची आडकाठी नाही. तरी पुष्कळ जण टाकत नाहीत. जीर्ण पोथ्यांबरोबर ठेवतात, किंवा प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून घालतात. मला ही खुणेची कल्पना आवडते. वाचताना पुन्हा नजर पडते.

वाळली की घडी घाला. दशांवर इस्त्री फिरवू नका. लोकरीला कसर लागते, तेव्हा कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवाल, ठेवा. पण दारफळणीचा सण आता जवळ आलाय, म्हणजे योम किप्पुर, ज्यूंचा उपवासाचा दिवस. त्या एका रात्री ही शाल अंगावर असते, आणि तेही सूर्य मावळायच्या आधी पांघरून, आशीर्वाद उजेडात म्हणून झाल्यावर. तेव्हा दोन दिवस आधीच ती बाहेर काढून वाऱ्यावर टाका. पंचवीस तासांच्या उपवासात डांबरगोळीचा वास नाकाशी नको.