मागे उभं राहून वाजवणाऱ्यांबद्दल

नरोली,
28 जुलै

चि. मनू,


तू ठेवून गेलेली गिटार परवा उघडली. तारा इतक्या वर गेल्या होत्या की बाराव्या फ्रेटवर बोट दाबलं की सूर चढायचा. आपल्याकडच्या पावसात लाकूड पाणी पितं आणि मान वाकते. ट्रस रॉडला पाव फेरा दिला, रात्रभर तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा. घाईने एकदम पिळू नकोस कधी. लाकडाला सरकायला वेळ लागतो.

तुझा प्रश्नही या दोन दिवसांत मनात घोळतोय. नोकरी न धरता पूर्णवेळ गिटारच वाजवायची, तीही दुसऱ्यांच्या रॉक बँडबरोबर दौऱ्यांवर आणि रेकॉर्डिंगला. तुझी आई विचारते, यात नाव कधी होणार?

आज आपल्या गावाचा मुक्तिदिन. 1954 साली याच तारखेला नरोली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटली. त्या लढ्याला पैसे हवे होते म्हणून पुण्यात हिराबागेच्या मैदानावर लताबाई गायल्या. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, तर स्वतःच या लढ्यात उतरले होते. गावात ही हकीकत अजून अभिमानाने सांगतात, आणि सांगायलाच हवी. पण लहानपणापासून ती ऐकताना मला प्रत्येक वेळी वाटायचं, त्या दिवशी मागे बसून वाजवलं कुणी? त्यांचं नाव हकीकतीत कधी येत नाही. या धंद्यात नावाचं असं असतं. हे आधी नीट पचव, मग पुढचं बोलू.

सिनेमातही तेच. 'कर्ज' 1980 चा. 'एक हसीना थी'ची गिटार आजही कुठल्याही वाद्यांच्या दुकानात उभी राहिलीस तर कुणीतरी छेडताना ऐकशील. पडद्यावर ती ऋषी कपूरच्या हातात आहे. वाजवली गोरख शर्मांनी, प्यारेलालजींच्या धाकट्या भावाने. 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदर सिंग यांची, आणि लोक त्यांना ओळखतात ते गायक म्हणून. 'कर्ज'ची ती धून डोळे मिटून ऐक. सूर मोजके आहेत. दोन ओळींमध्ये जागा सोडली आहे, आणि जीव त्या जागेत आहे. तुझ्या बोटांत वेग आहे, मनू. थांबणं अजून आलेलं नाही. दुसऱ्याच्या गाण्यात वाजवायचं तर गाण्याला काय हवंय ते ऐकू आलं पाहिजे. कधी त्याला चारच सूर हवे असतात, आणि ते चार प्रत्येक गावात, प्रत्येक रात्री तसेच यावे लागतात.

तुझा लाडका जिमी पेज बघ. 1968 मध्ये लेड झेपेलिन उभी करण्याआधी काही वर्षं तो लंडनच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवत होता. 1972 मध्ये तो आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली. ती बाहेर यायला 2015 उजाडलं. मुंबईच्या त्या सगळ्या वादकांना मिळून नाव एकच: बॉम्बे ऑर्केस्ट्रा. मी ते ऐकलं तेव्हा गळा दाटून आला. काय वाजवलंय!

आपल्याकडे रॉक वाजवून गावोगाव फिरता येतं हे माझ्या पिढीला दाखवलं 1984 मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीनने. त्यांच्या महेश तिनईकरची गिटार ऐकली तेव्हा मी ऑर्केस्ट्रात होतो आणि घरी जाऊन रात्रभर सराव केला होता. पुढे बँडचं नाव इंडस क्रीड झालं, 1997 मध्ये तो थांबला, 2010 मध्ये पुन्हा उभा राहिला. मधली ती वर्षं ध्यानात ठेव. चालू बँडही थांबतो, म्हणून एकाच बँडवर घर चालवायचं नाही.

आता पैशाचं. एका आयोजकाने आमच्या सात कार्यक्रमांचे पैसे बुडवले होते. तोंडी बोलणं होतं, कागद नव्हता. तुझा दर, प्रवास, राहणं, अर्धी रक्कम आगाऊ, हे सगळं आधी लिहून घे, निदान फोनवर तरी. लाजू नकोस. स्टुडिओवाले हल्ली घरूनच ट्रॅक मागवतात. अ‍ॅम्पच्या आवाजाबरोबर थेट तारेचा कोरा आवाजही पाठव, म्हणजे त्यांना मागाहून हवा तसा रंग चढवता येतो. अशा माणसाला पुन्हा बोलावतात.

एकदा लातूरकडच्या कार्यक्रमात गाण्याच्या मध्यात माझी दुसरी तार तुटली आणि गालावर फटकन बसली. उरलेल्या पाच तारांवर कॉर्ड जुळवत, हात मानेवर वरखाली करत कडवं पार पाडलं. गायकाने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला काही कळलंच नव्हतं. त्या रात्रीइतका आनंद मला टाळ्यांनी कधी दिला नाही. तुला असा आनंद पुरत असेल तर ये या धंद्यात. आईशी मी बोलतो.

गिटारला नव्या तारा चढवल्या आहेत, नऊच्या. केसमध्ये सिलिकाच्या पुड्या टाकल्यात, त्या काढू नकोस. रविवारी भिलाडला उतरलीस की फोन कर, मी स्कूटर घेऊन येतो.

तुझा,
आबा