वर्गाचा वारसा आणि जातीची जात

जावामध्ये स्टॅटिक मेथड वस्तूची नसते, वर्गाची असते. उपवर्गाला ती वारशाने मिळते, पण ओव्हरराइड करता येत नाही. त्याच नावाची मेथड उपवर्गात लिहिली तर मूळची नुसती झाकली जाते. कोणती चालवायची हे व्हेरिएबलच्या घोषित प्रकारावरून कंपाइलर आधीच ठरवतो. प्रत्यक्ष वस्तूला कोणी विचारत नाही. व्हेरिएबलमध्ये नल असले तरी मेथड बिनबोभाट चालते! हा वारसा नावापुरताच म्हणायचा.

स्मॉलटॉक-८० या भाषेत वर्ग हीसुद्धा वस्तूच. म्हणून वर्गालाही वर्ग हवा, तो मेटाक्लास. त्यामुळे वर्गाच्या मेथडी तिथे खरोखर ओव्हरराइड होतात. पण मग मेटाक्लासचा वर्ग कोणता? वैशेषिक दर्शनाच्या पंडितांना हा पेच जुनाच. सगळ्या गाईंमध्ये गोत्व ही जाती, म्हणजे समान धर्म, मानली, तर जातींमध्ये पुन्हा जाती मानायची का? तशी मानली तर शेवटच लागत नाही, म्हणून उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त या अनवस्थेला जातिबाधकांत, म्हणजे जाती मानण्याच्या आड येणाऱ्या गोष्टींत, गणले. स्मॉलटॉकने साखळी तोडली नाही, वळवली: सगळे मेटाक्लास ‘मेटाक्लास’ या वर्गाचे नमुने, आणि त्या वर्गाचा स्वतःचा मेटाक्लासही ‘मेटाक्लास’चाच एक नमुना आहे. नैयायिक याला अन्योन्याश्रय, म्हणजे एकमेकांवरच टेकणे, म्हणून दोष देईल; संगणकाचे मात्र त्याने काही अडत नाही.