गुण्यात असणे

जुनी वस्तू जतन करणे हा सद्गुण की मोह? दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा होऊ लागला की हा प्रश्न घरोघर निघतो आणि बहुधा भांडणाने सुटतो. मला त्याचे थोडेफार उत्तर सापडले ते कोल्हापूरजवळच्या एका सुताराच्या कारखान्यात, एका यंत्रापाशी.

यंत्राचे नाव सीएनसी राऊटर. वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिले नसेल, परंतु देवघराच्या दारावर हल्ली जी नक्षीदार जाळी दिसते ती बहुधा त्याचीच करणी असते. टेबलावर फळी घट्ट बसवायची. वर एक सरकता पूल, पुलावर गरगर फिरणारे पाते. आणि ते पाते कुठे न्यायचे हे संगणक आकड्यांत सांगतो. ही विद्या अमेरिकेतली. जॉन पार्सन्स ह्या कारखानदाराला हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक आकार हवे होते. त्या खटपटीतूनच पुढे १९५२ साली एमआयटी ह्या संस्थेत आकड्यांवर चालणारे यंत्र लोकांना दाखवण्यात आले.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असे यंत्र वापरलेलेच विकत घेतले. अंगाने ते दणकट होते. परंतु त्याला हुकूम देणारी पेटी जुनी. तिला पूर्वीच्या छपाईयंत्राची पंचवीस टाचण्यांची जोडणी लागे, आणि संगणकावर लागे विंडोज एक्सपी. त्या प्रणालीची देखभाल तर तिच्या कंपनीने एप्रिल २०१४ मध्येच थांबवली होती. लोखंड थकण्याआधी डोके थकले होते. यंत्र बनवणाऱ्यांकडे विचारले, तर सुटे भाग मिळत नाहीत, नवीन घ्या, एवढेच उत्तर आले.

मुलाने हट्टाने नवी पेटी बसवली, मोटारींना हुकूम देणारे नवे संच आणले, लिनक्ससीएनसी नावाची विनामूल्य प्रणाली घातली. यंत्र पुन्हा चालू लागले. मला साहजिकच प्लुटार्कने सांगितलेले थीसिअसचे जहाज आठवले. कुजलेली एकेक फळी बदलत गेल्यावर ते जहाज तेच राहते का, यावर अथेन्सचे तत्त्वज्ञ वाद घालीत. मी तो प्रश्न काढला. मुलाचे वडील जन्मभर रंधा आणि पटाशी चालवलेले. ते म्हणाले, "तेच का दुसरं, ते असूं दे गुरुजी. गुण्यात हाय का बघूया."

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. पाचशे मिलिमीटरचा चौकोन कापला आणि त्याचे दोन्ही कर्ण फितीने मोजले. दोन्ही ७०७ भरायला हवे होते. एक भरला ७०८, दुसरा ७०६. म्हणजे पूल तिरका होता. मग वर्तुळ कापले, तर त्याच्या चार बाजूंना चार बारीक खाचा. पाते दिशा उलटवताना आटा आणि त्याची चाकी यांच्यात जी ढिलाई असते, तिच्या ह्या खुणा. डोके नवे झाले होते. दोष होते तिथेच होते.

पुलाचे बोल्ट सैल करून तो सरळ बसवणे सोपे गेले. पेच पडला तो ढिलाईचा. संगणकात एक सोय असते. ढिलाई किती ते सांगितले की यंत्र दिशा बदलताना तेवढे जास्त फिरते आणि खाच दिसेनाशी होते. दिवाळीपूर्वी पंधरा जाळ्या द्यायच्या होत्या. मुलगा म्हणाला, "आण्णा, गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही."

"गिऱ्हाइकाला न्हाई कळायचं," आण्णा म्हणाले, "पर लाकडाला कळतंय की."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. हिशेबाने भरपाई केली तरी फट राहतेच. सागवानाचा कठीण रेषा आडवा आला की पाते त्या फटीएवढे ढकलले जाते. शेवटी चाकी बदलली. आठ दिवस गेले, आणि सहा जाळ्यांचे काम दुसरीकडे गेले. सणाच्या तोंडावर लहान कारखान्याला हा घाव सोसायचा नसतो. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलले नाही, हेही मी पाहिले.

माझ्या मते मोह आणि जतन यांतला फरक इथेच आहे. मोह वस्तूवरून हात फिरवतो, फीत लावीत नाही. मोजले तर काय निघेल, ह्याची त्याला धास्ती असते. जतन करणारा आधी मोजतो. उद्या त्या यंत्राचा सांगाडाच पिळवटलेला निघाला असता, तर ते भंगारात देण्याचा धीरही आण्णांच्या ठायी होता. टाकण्याची तयारी असलेल्या माणसालाच राखण्याचा अधिकार पोचतो.

आणि ही गोष्ट यंत्रापुरती नाही. संगणकातल्या त्या भरपाईसारखी भरपाई आपण घरातही करीत असतो. थोरल्या भावापुढे वाटणीचा विषय काढायचा नाही, सुनेच्या माहेराचे नाव घ्यायचे नाही. प्रत्येकाने आपले वळण तेवढे जास्त घ्यायचे. वरून वर्तुळ गुळगुळीत दिसते, आणि आपण म्हणतो, आमचे घर गुण्यागोविंदाने नांदते. पुढे आजारपण येते, कर्ज येते, कठीण रेषा आडवा येतो. मग ती फट उघडी पडते.

त्या कारखान्यात रोज संध्याकाळी एक नियम पाळला जातो. रुळांना तेल देण्याआधी भुसा पुसायचा. भुशावर तेल पडले तर दोहोंचा लगदा होतो आणि तोच रुळांना खातो. दिवाळीचा फराळ, पाडव्याची ओवाळणी, भाऊबीज हे सारे आपल्याकडचे तेल आहे, आणि ते मोलाचे आहे. ते घालण्यापूर्वी, जमल्यास वसुबारसेच्या आधीच, ज्याच्याशी वर्षभर वळसा घालून बोललो त्याच्यापाशी बसून थोडा भुसा पुसून घ्यावा.