चिठ्ठी न निघालेल्यांची साक्ष

निवडणुकीचा निकाल लागला की कोल्हापुरात गुलाल उधळला जातो. हरलेला गट मागे सरतो, तो बहुधा पुढच्या निवडणुकीच्या तयारीसाठीच. म्हणूनच धर्मसभेचा प्रमुख मतदानाने निवडावा, असे ऐकले की पुष्कळ भाविकांचे मन कचरते. मते मोजून देवाची इच्छा कळते काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

आपले बांधव असलेल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. पुण्या-मुंबईतही ज्यांची मंदिरे आहेत, त्या मलंकारा ऑर्थोडॉक्स सभेत बिशपांचा सिनोद नाव सुचवतो आणि धर्मगुरू व प्रापंचिक प्रतिनिधींची असोसिएशन त्यावर निर्णय देते. १४ ऑक्टोबर २०२१ रोजी परुमला येथे मॅथ्यूज मार सेवेरिओस यांची कॅथोलिकोसपदी अशीच निवड झाली.

रशियात दोन शतकांहून अधिक काळ पॅट्रिआर्कपद रिक्त होते. १९१७ साली मॉस्कोत धर्मपरिषद भरली. तिच्या सभासदांत निम्म्याहून अधिक प्रापंचिक होते. बाहेर राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला असताना परिषदेने गुप्त मतदानाने तीन नावे ठरवली: अँथनी, आर्सेनी आणि तिखोन. आरंभीच्या मतदानात अँथनी आघाडीवर, तर तिखोन बरेच मागे होते. मग तिघांच्या चिठ्ठ्या पवित्र मातेच्या प्रतिमेपुढे ठेवल्या गेल्या. प्रार्थनेनंतर अलेक्सी नावाच्या वृद्ध संन्याशाने एक चिठ्ठी उचलली. ती तिखोन यांची निघाली.

यावर कोणी म्हणेल, हा तर नशिबाचा खेळ झाला! आम्हांस तसे वाटत नाही. परिषदेने आधी आपल्या विवेकाचे काम पूर्ण केले आणि त्यानंतरच हात मागे घेतला. विवेकावाचून टाकलेली चिठ्ठी म्हणजे आळस. चिठ्ठी टाकण्याइतकी नम्रता नसलेले मतदान म्हणजे केवळ सत्तेची ओढाताण. प्रेषितांनीही आधी योग्य अशी दोन माणसे पुढे केली आणि मगच चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मथियाची निघाली. योसेफ बर्सबाचे नाव पवित्र शास्त्रात पुन्हा येत नाही. त्याची तक्रारही येत नाही.

तिखोन यांना पुढे अटक झाली. १९२५ साली ते निवर्तले. चिठ्ठी न निघालेले आर्सेनीही तुरुंगवास आणि हद्दपारी भोगत १९३६ साली ताश्कंद येथे वारले. पद एकालाच मिळाले, क्रूस मात्र दोघांनीही वाहिला.

आपल्या धर्मग्रामातही पॅरिश कौन्सिलची निवड होते. ती देवाच्या इच्छेने झाली की नाही, हे निवडून आलेल्यांच्या सत्कारावरून ठरत नाही. ज्यांचे नाव आले नाही, ते पुढच्या रविवारी झाडू घेऊन मंदिराच्या आवारात येतात काय, यावरून ते ठरते.