सुपारीतला गणपती आणि डबीतली हत्ताजोडी

‘भाव तेथे देव’ ही म्हण मला मान्य आहे. तिच्या आडून जी दुसरी गोष्ट खपवली जाते, ती मान्य नाही. भाव खरा असला की वस्तू कोणतीही चालते, नाव काहीही चालतं, असं लोक म्हणतात. लातुरात गंजगोलाईजवळ माझं काष्ठौषधींचं दुकान आहे. पुडीवर लिहिलेलं नाव आणि पुडीतला माल एकच असणं, ही माझी भाकरी आहे. म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही.

दिवाळीच्या आधी कुणीतरी येतंच. इकडंतिकडं बघून हळूच विचारतं, “मामा, हत्ताजोडी हाय का?” शेंदरात बुडवलेली, लवंग-वेलदोड्यासोबत डबीत ठेवलेली, जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ती वस्तू. दुर्मीळ झाडाची मुळी म्हणून ती विकतात. तिजोरीत ठेवली की लक्ष्मी येते म्हणतात. झाडाचं नाव विचारलं तर काही जण विंचवीचं सांगतात. विंचवी आपल्याकडं पडीक रानात उगवते, तिच्या फळाला दोन वाकडी नखं असतात. ती मूळची मेक्सिकोकडची. तिच्या मुळीला हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत.

ती मुळी नसतेच. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या हत्ताजोड्या परदेशी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या आणि 2017 मध्ये ही गोष्ट जगभर छापून आली. काही नमुने तर साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे निघाले. ‘इंद्रजाल’ म्हणून काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगतात, तीही वनस्पती नव्हे. समुद्रातल्या प्रवाळाच्या जातीचा तो जीव.

“पण मनाला बळ मिळतं ना?” असं लोक म्हणतात. मिळत असेल. पण प्लॅस्टिकची हत्ताजोडी घेतलेल्यालाही तेवढंच मिळालं असणार. मग त्या बळासाठी घोरपड मारायची गरज कुठं होती?

बदली वस्तू वापरणं हा अधर्म नाही, हे मी माझ्या धंद्यातूनच शिकलो. भावप्रकाशात प्रतिनिधी द्रव्यांची सोय आहे: मेदा मिळाली नाही तर शतावरी घ्या, काकोली नसेल तर अश्वगंधा. वैद्याला ठाऊक, दुकानदाराला ठाऊक, रोग्याला सांगता येतं. याउलट अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल बांधून दिली, तर ती भेसळ. दोन्हींत एकाच्या जागी दुसरं आलं. फरक एवढाच की एका ठिकाणी ते सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी लपवलं.

आपली पूजाही याच रीतीवर उभी आहे. सत्यनारायणाला विड्याच्या पानावर सुपारी मांडतो आणि तिला गणपती म्हणतो. वस्त्र नसलं, अलंकार नसले की अक्षता वाहतो. तिथं कुणी फसत नाही. ती सुपारी आहे हे यजमानाला माहीत असतं, गुरुजींना असतं आणि देवाला तर असतंच. भाव वस्तूची उणीव भरून काढतो तो असा, उघड्यावर. हत्ताजोडीच्या डबीत मात्र उणीव भरलेली नसते, जीव लपवलेला असतो.

आणि विकत घेणारा बहुतेकदा कोण असतो? माळकरी, लिंगायत, जैन, एकादशीला कांदा न खाणारा. मेलेल्या प्राण्याचं कातडं देवघरात आणणार नाही असा माणूस त्याच देवघरात घोरपडीचा अवयव ठेवून उदबत्ती ओवाळतो. त्याच्या हातून हिंसा झाली का? नकळत झाली तर मी त्याला पापी म्हणणार नाही. पण किंमत एवढी, विक्री एवढी गुपचूप, आणि तरीही “हे आलं कुठून?” हा प्रश्न त्यानं गिळला असेल, तर त्याचं अज्ञान निरागस राहत नाही.

कायदा इथं माझ्यापेक्षा कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड निदान 25,000 रुपये. डबीवर ‘मुळी’ लिहिलं म्हणून घोरपडीची मुळी होत नाही. कलम 57 प्रमाणे अशी वस्तू ज्याच्या ताब्यात सापडते, त्यानंच ती बेकायदा नाही हे सिद्ध करायचं. अमेरिकेचा 1900 चा लेसी कायदा तर वन्यजीवाच्या मालावर खोटं लेबल लावणं हाच वेगळा गुन्हा मानतो; 2008 पासून त्यात झाडं, लाकूडही आलं.

माळेगावच्या यात्रेत पथारी मांडणाऱ्या वैदूंकडून मी मुळ्या घेतो. त्यांच्यातल्या जाणत्या म्हाताऱ्यांना वासावरून मुळी ओळखता येते. अशा डब्यांची बातमी आली की संशय आधी त्यांच्यावरच येतो, त्यांच्या खऱ्या मालावरही येतो. खोट्या नावानं घोरपड मरते, तशी खऱ्या मुळीची पतही मरते.

कलम 57 मला म्हणूनच नुसतं पोलिसी वाटत नाही. जे देवासमोर ठेवायचं, ते कुठून आलं हे सांगण्याची जबाबदारी ठेवणाऱ्याची, हा नियम देवघरालाही लागू आहे. हत्ताजोडी मागणाऱ्याला मी हेच सांगतो, आणि वर सांगतो की मांडायचंच असेल तर सुपारी मांड. काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जावोत. आपण काय मांडलंय हे ज्याला उघड सांगता येत नाही, त्याच्या भावाला मी भाव म्हणत नाही. तो नुसता सौदा.