घड्याळाची चिप आणि इंटरफेसचा खरेपणा

संगणकाचा प्रोसेसर वेळ मोजतो तो वीज असेपर्यंतच. वीज गेली की त्याची मोजणी शून्यावर येते. वीज नसतानाही वेळ चालू ठेवण्याचे काम रिअल टाइम क्लॉक, म्हणजेच आरटीसी नावाची वेगळी चिप करते. तिच्याजवळचा क्वार्ट्झचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो आणि एक सेकंद मिळतो. हे काम इतक्या थोड्या विजेवर चालते की एका बटन सेलवर चिप कित्येक वर्षे काढते. बहुधा तिच्या शेजारीच, कधी तिच्या पोटातही, वीज गेल्यावर न पुसली जाणारी थोडी मेमरी असते.

आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीमध्ये ही जोडी एकाच चिपमध्ये होती. मोटोरोलाच्या त्या एमसी१४६८१८ चिपमध्ये एकूण ६४ बाइट होते. त्यांतले १४ घड्याळासाठी आणि त्याच्या नियंत्रणासाठी होते, उरलेले ५० मोकळे. त्या मोकळ्या जागेत संगणकाची सेटिंग्ज राहत. मदरबोर्डवरची ‘सीमॉस बॅटरी’ संपली की तारीख आणि सेटिंग्ज दोन्ही एकदम जात, त्याचे कारण हेच. सॉफ्टवेअरला ही चिप दोन पोर्टमधून दिसे. एका पोर्टवर बाइटचा क्रमांक लिहायचा आणि दुसऱ्यावरून त्यातला मजकूर वाचायचा.

हे वाचन दिसते तितके सोपे नाही. समजा, घड्याळात १० वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद झाले आहेत. प्रोग्रामने आधी तास वाचला, १०. तेवढ्यात घड्याळ पुढे सरकले आणि नंतर वाचलेली मिनिटे व सेकंद शून्य निघाले. हाती आलेली वेळ १०:००:००, म्हणजे तब्बल एक तास मागे. हे टाळण्यासाठी मोटोरोलाने ‘बदल चालू आहे’ असे सांगणारा एक बिट ठेवला. तो शून्य असेल तर वाचनासाठी निदान २४४ मायक्रोसेकंद सुरक्षित असतात. नंतरच्या डीएस१३०७ चिपने हाच प्रश्न अधिक नेटका सोडवला. ही चिप फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेल्या आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर बोलते. वाचन सुरू झाल्याचा संकेत मिळताच ती त्या क्षणाची वेळ वेगळ्या रजिस्टरांत उतरवून ठेवते, आणि आत घड्याळ चालत राहते. मात्र ड्रायव्हरने सातही बाइट एका दमात वाचले तरच याचा फायदा. प्रत्येक बाइटसाठी नवा व्यवहार सुरू केला, तर जुना घोटाळा पुन्हा दारात उभा राहतो. शिवाय इथले आकडे दशमान अंक वेगवेगळे ठेवून लिहिलेले असतात. ५९ हा आकडा साधा बायनरी समजून वाचला तर तो ८९ होतो.

असे सगळे बारकावे एकदाच, एकाच ठिकाणी निस्तरणे हे सॉफ्टवेअर इंटरफेसचे पहिले काम. लिनक्समध्ये आरटीसी ही एक डिव्हाइस फाइल म्हणून दिसते. वेळ विचारणाऱ्या प्रोग्रामला ठरावीक साच्यात उत्तर मिळते: वर्ष १९०० पासून मोजलेले, महिना शून्यापासून. खाली डीएस१३०७ आहे की डीएस३२३१ ही दुसरी आरटीसी चिप, हे त्या प्रोग्रामला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. गुंतागुंत झाकणे हा इंटरफेसचा गुणच आहे.

शंका झाकणे मात्र गुण नव्हे. डीएस३२३१ मध्ये क्रिस्टलचे कंपन कधी थांबले असेल तर एक बिट १ होतो आणि सॉफ्टवेअरने पुसेपर्यंत तसाच राहतो. सेल संपून घड्याळ बंद पडले आणि वीज आल्यावर पुन्हा धावू लागले, तर रजिस्टरांतला आकडा दिसायला निर्दोष असतो: महिना बारापेक्षा जास्त नाही, मिनिटे साठच्या आत. तो खोटा आहे हे सांगणारा साक्षीदार फक्त तो एक बिट. लिनक्सच्या ड्रायव्हरला डीएस१३०७ थांबलेली आढळली तर तो तारीख देत नाही, त्रुटी कळवतो. हे वागणे प्रामाणिक आहे. आर्डुइनोच्या एका लोकप्रिय लायब्ररीतही वीज गेली होती का हे विचारणारे वेगळे फंक्शन आहे. पण तिच्याच नमुना प्रोग्राममध्ये, उत्तर ‘हो’ आले की प्रोग्राम कंपाइल झाल्याची वेळ घड्याळात भरली जाते आणि खूण पुसली जाते. टेबलावर शिकताना हे चालून जाते. तोच नमुना शेतातल्या पंपाच्या पेटीत गेला आणि वर्षभराने सेल संपला, तर घड्याळ वर्षभरापूर्वीची वेळ दाखवू लागते आणि संशयाला जागाही उरत नाही.

अचूकतेलाही मर्यादा आहेत. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत २० भागांची चूक असेल तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांहून अधिक फरक पडतो. हा क्रिस्टल २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वात वेगाने चालतो, त्याहून उष्ण किंवा थंड हवेत मंदावतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ५५ अंश झाले, तर दिवसाला अडीच सेकंदांहून अधिक पिछाडी होते. डीएस३२३१ दर ६४ सेकंदांनी तापमान मोजून ही चूक भरून काढते. शून्य ते ४० अंशांत तिची हमी दहा लाखांत २ भागांची आहे, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर बदलतो तिथे हा फरक पैशांत मोजला जातो. महाराष्ट्रातल्या औद्योगिक ग्राहकांच्या मीटरमधले घड्याळ सरकले, तर एका दराचे युनिट दुसऱ्या दरात जाऊन पडतात.

मेमरीच्या बाबतीत शंका वेगळ्या प्रकारची असते. घड्याळाच्या स्वस्त मॉड्यूलवर बरेचदा एटी२४सी३२ ही ४,०९६ बाइटची ईईप्रॉम असते. तिची पाने ३२ बाइटची. पान संपल्यावरही लिहीत राहिले तर पुढचे बाइट पुढच्या पानावर जात नाहीत, त्याच पानाच्या सुरुवातीला जाऊन आधीचा मजकूर पुसतात. बाइट स्वीकारल्यानंतर ते आत कोरायला चिप १० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेते आणि तोवर हाकेला ओ देत नाही. म्हणून ‘लिहून झाले’ हा निरोप चिपने बाइट घेतल्याचा आहे की ते कोरले गेल्याचा, हे इंटरफेसने स्पष्ट सांगायला हवे. नेमकी त्याच क्षणी वीज गेली तर हा फरक कळतो. नोंदीच्या दोन प्रती, क्रमांक आणि चेकसम ठेवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. लिहिण्याची हमी दहा लाख वेळांची आहे. ऐकायला भरपूर वाटते, पण एकाच जागी दर सेकंदाला लिहिले तर ती साडेअकरा दिवसांत संपते. सतत बदलणारा मोजणीचा आकडा डीएस१३०७ च्या पोटातल्या ५६ बाइट रॅममध्ये ठेवणे शहाणपणाचे. सेल आहे तोवर ती टिकते आणि लिहिण्याने झिजत नाही.

आणखी एक गोष्ट चिपला ठाऊकच नसते: तिच्यातली वेळ कुठली आहे. विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक वेळ. दोन्ही प्रणाली असलेल्या भारतातल्या संगणकात म्हणूनच घड्याळ साडेपाच तासांनी मागेपुढे होते. यात चिपचा काही दोष नाही. कोणती वेळ ठेवायची हा करार सॉफ्टवेअरने करायचा आणि लिहून ठेवायचा असतो.

अशा चिपसाठी ड्रायव्हर लिहायला बसणाऱ्याने डेटाशीटमधले स्टेटस रजिस्टरचे पान सर्वात आधी वाचावे, आणि घड्याळ थांबल्याची खूण विश्वासार्ह ठिकाणाहून वेळ मिळेपर्यंत पुसू नये.