दुखणेकऱ्याची ठेव

तालुक्याच्या गांवीं बाजाराचा दिवस होता. आम्ही एका आजारी शेजाऱ्याला घेऊन तेथील दवाखान्यांत गेलों होतों. व्हरांड्यांत वीस-पंचवीस माणसें बांकांवर व जमिनीवर बसलीं होतीं. इतक्यांत औषधें देणाऱ्या मनुष्यानें खिडकींतून मोठ्यानें हांक मारली, “क्षयाच्या गोळ्या कोणाच्या राहिल्या?” आणि कागद पाहून एका बाईचें नांव तिच्या गांवासकट वाचलें. कोपऱ्यांत बसलेली एक तरुण स्त्री उठली. परंतु खिडकीकडे न जातां, डोक्यावरचा पदर पुढें ओढून ती तशीच रस्त्याला लागली. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट तिच्या गांवच्या पाणवठ्यावर पोहोंचली. पुढें आम्हांस कळलें कीं, सासरच्या माणसांनीं तिचीं भांडीं वेगळीं केलीं, आठ दिवसांनीं तिला माहेरीं धाडिलें, आणि ह्या गडबडींत तिचें औषध महिनाभर बंद राहिलें.

ह्या प्रसंगांत अपराध कोणाचा, हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार येतो. गोळ्या देणाऱ्याचा हेतु वाईट नव्हता. त्याला आपलें काम लवकर उरकावयाचें होतें. तो खोटेंहि बोलला नाहीं. बांकावर बसलेल्यांनीं घरीं जाऊन जें सांगितलें तेंहि खरेंच होतें. खरें बोलावें असें आपण लहानपणापासून शिकतों व मुलांस शिकवितों. मग खरें बोलल्यानें एका स्त्रीचें घर मोडण्याची वेळ येते, हें कसें? जी गोष्ट खरी आहे ती कोणासहि सांगावयास आपणांस मोकळीक आहे काय? ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

वैद्यानें रोग्याचें गुपित राखावें, हा नियम आजकालचा नाहीं. ख्रिस्तपूर्व काळांत होऊन गेलेला ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस ह्याच्या नांवानें जी शपथ चालत आली आहे, तींत लोकांच्या घरांतील व आयुष्यांतील गोष्टींविषयीं मौन राखण्याचें वचन वैद्यानें दिलेलें आहे. आपल्या देशांतील चरकसंहितेच्या विमानस्थानांत गुरूनें शिष्यास जो उपदेश केला आहे, त्यांतहि हाच नियम सांपडतो: रोग्याच्या घरीं परवानगी असलेल्या, ओळखीच्या मनुष्याबरोबर जावें, आणि त्या घरांतील गोष्टी बाहेर नेऊं नयेत. दोन दूरचे देश, दोन निराळ्या भाषा, दोन निराळे धर्म. तरी निष्कर्ष एकच. इ. स. १९४८ सालीं जागतिक वैद्यक संघटनेनें जिनीव्हा येथें डॉक्टरांसाठीं जी प्रतिज्ञा ठरविली, तींत हें कलम आहे. आणि १९६८ सालीं, रोगी मरण पावल्यावरहि त्याचें गुपित राखावें, एवढी भर त्यांत पडली.

एवढ्या निरनिराळ्या लोकांस हा नियम कां सुचला? आमच्या मतें ह्याचें कारण असें कीं, रोगी वैद्याजवळ जें बोलतो तें दान नव्हे व विक्रीहि नव्हे. ती ठेव आहे. मनुष्य भावापुढें जें अंग उघडें करीत नाहीं तें तो वैद्यापुढें करतो. बाई जें आईसहि सांगत नाहीं तें ती वैद्यास सांगते, कारण न सांगितल्यास औषध चुकेल. ह्या हौसेनें मारलेल्या गप्पा नव्हेत. दुखण्यानें तिला बोलावयास लाविलें आहे. शेजाऱ्यानें परगांवीं जातांना आपले दागिने आमच्या पेटींत ठेविले, तर ते खऱ्या सोन्याचे आहेत एवढ्यावरून ते बाजारांत मांडण्याचा अधिकार आम्हांस येत नाहीं. त्याचप्रमाणें दुसऱ्याचें दुखणें खरें आहे एवढ्यावरून तें सांगण्याचा हक्क आपला होत नाहीं. खरें बोलावें ह्याचा अर्थ खोटें बोलूं नये असा आहे. जें जें खरें तें तें बोलत सुटावें असा नाहीं. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत चहाडखोर आणि विश्वासू मनुष्य ह्यांमधील भेद नेमका येथेंच दाखविला आहे. गोष्ट दोघांसहि ठाऊक असते; एकापाशीं ती टिकत नाहीं, दुसऱ्यापाशीं टिकते.

परंतु ही ठेव जमिनींत पुरून ठेवण्याचा हंडा नव्हे. एखाद्या बाईस पेनिसिलिन सोसत नाहीं हें गांवच्या डॉक्टरास ठाऊक आहे, आणि तिला जिल्ह्याच्या इस्पितळांत पाठवितांना त्यानें चिठ्ठींत तें लिहिलें नाहीं, तर त्याचें मौन तिचा प्राण घेऊं शकेल. रक्त तपासणाऱ्यास काय तपासावयाचें, नर्सबाईंस कोणतें औषध केव्हां द्यावयाचें, हें कळलेंच पाहिजे. रोगी दवाखान्याची पायरी चढतो तेव्हां एवढी संमति त्यानें दिलेलीच असते. इंग्लंडांत फियोना कॅल्डिकॉट नांवाच्या मानसरोगतज्ज्ञ बाईंच्या अध्यक्षतेखालीं एक समिति बसली होती. रोग्यांची माहिती कशी वापरावी, ह्याचीं सहा तत्त्वें तिनें १९९७ सालीं घालून दिलीं. त्यांचें सार असें: माहिती कशाकरितां हवी तें स्पष्ट असावें, कामासाठीं ज्यास तिची गरज आहे त्यासच ती मिळावी, आणि लागेल तेवढीच मिळावी. पुढें २०१३ सालीं त्यांत सातवें तत्त्व घातलें गेलें: माहिती राखणें हें जसें कर्तव्य आहे, तसेंच रोग्याच्या हितासाठीं ती योग्य ठिकाणीं देणें हेंहि तितकेंच महत्त्वाचें कर्तव्य असूं शकतें. ह्या कसोटीनें त्या बाजाराच्या दिवसाकडे पाहावें. गोळ्या देणाऱ्यास तिचा रोग कळणें योग्य होतें. व्हरांड्यांतील पंचवीस जणांस कळणें योग्य नव्हतें. तिला खिडकीजवळ बोलावून हलक्या आवाजांत विचारावयास एका मिनिटाहून अधिक वेळ लागला नसता.

आतां खरा कठीण प्रश्न येतो. दुखणें दुसऱ्यास लागणारें असेल तर? ठेव राखावयाची म्हणून शेजाऱ्याचा जीव धोक्यांत घालावयाचा काय? तसें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. आपल्या देशांत डॉक्टरांच्या आचरणाचे जे नियम २००२ सालीं झाले, त्यांत गुपित सांगण्यास तीन प्रसंगीं मोकळीक आहे: न्यायाधीशाचा हुकूम झाला असतां, एखाद्या विशिष्ट व्यक्तीस अथवा समाजास गंभीर धोका असतां, आणि जे रोग सरकारास कळविणें बंधनकारक आहे त्यांच्या बाबतींत. क्षयरोग २०१२ सालीं ह्या शेवटल्या वर्गांत आला. परंतु आरोग्यखात्यास कळविणें निराळें, आणि पाणवठ्यास कळविणें निराळें. खातें औषध पुरवितें व घरच्या माणसांची तपासणी करतें. पाणवठा काय करतो तें वर सांगितलेंच आहे. शिवाय साध्या क्षयाचें औषधहि बहुधा सहा महिने न चुकतां घ्यावें लागतें, आणि तें मध्येंच सोडल्यास जंतु औषधास दाद देईनासे होण्याचें भय असतें. म्हणजे जी बाई लाजेनें औषध टाकून गेली, तिच्यापासून गांवास असलेला धोका बोभाट्यानें कमी झाला नाहीं, उलट वाढला.

ह्या विषयावरील एक खटला १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें निकालास आला. एका मनुष्यानें रक्त देऊं केलें असतां तपासणींत एच.आय.व्ही.चा दोष आढळला. ती बातमी इस्पितळाकडून बाहेर गेली, त्याचें ठरलेलें लग्न मोडलें, आणि स्वतःच्या लोकांत राहणें त्यास कठीण झालें. त्यानें नुकसानभरपाई मागितली. न्यायालयानें ती दिली नाहीं. वाग्दत्त वधूचा जीव वांचविण्याचा हक्क त्याच्या गुप्ततेच्या हक्काहून मोठा आहे, असें ठरविलें. वधूस कळणें न्याय्य होतें, असें आम्हांसहि वाटतें. तथापि वधूस कळणें ही एक गोष्ट, आणि सगळ्या जातभाईंस कळणें ही दुसरी. पहिलीनें एक जीव वांचतो. दुसरीनें कोणाचाहि वांचत नाहीं.

हा भेद एच.आय.व्ही. व एड्सविषयींच्या २०१७ च्या कायद्यानें चांगला स्पष्ट केला आहे. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. डॉक्टरानें अथवा समुपदेशकानें रोग्याच्या जोडीदारास सांगावयाचें झाल्यास त्याला पायऱ्या घालून दिल्या आहेत. जोडीदारास लागण होण्याचा मोठा धोका आहे असें त्यास सकारण वाटलें पाहिजे. रोग्यानें स्वतः सांगावें म्हणून त्याची समजूत घातली पाहिजे. तो सांगणार नाहीं अशी खात्री झाल्यावर, “आतां मी सांगणार आहें,” हें रोग्यास कळविलें पाहिजे. आणि मग जोडीदारास समक्ष भेटून, धीर देऊन सांगितलें पाहिजे. परंतु रोगी स्त्री असेल, आणि सांगितल्यानें तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील असें सकारण भय असेल, तर तिच्या जोडीदारास सांगूं नये, असेंहि कायदा म्हणतो. ह्या शेवटल्या कलमावर मतभेद होईल. पतीस धोका असतां गप्प कसें बसावें? आम्हांस ह्याचें सोपें उत्तर सुचत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, ज्यांनीं कायदा केला त्यांनीं आपल्या घरांतून स्त्रियांस काय सोसावें लागतें तें पाहिलें होतें.

कोणी म्हणेल, “शहरांतील लोकांचें हें ठीक आहे. गांवांत कोणाचें काय लपतें? आणि दुःख कळल्याशिवाय आम्ही एकमेकांस मदत तरी कशी करावी?” ह्या बोलण्यांत तथ्य आहे. आजारी मनुष्याच्या शेतांत जाऊन त्याची कापणी करून देणारे लोक गांवांतच भेटतात. परंतु हांक मारणें हें रोग्याच्या हातीं असावें. आपण होऊन त्याच्या घराचें दार काढून नेणें हें साहाय्य नव्हे. कुष्ठरोगाचें उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेल्या एकत्र औषधांनीं हा रोग बरा होतो. तरी त्याचें नांव एकदां माणसास चिकटलें कीं निघत नाहीं. महारोग्यांविषयींचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. आणि ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यांत कुष्ठरोग हें घटस्फोटाचें एक कारण म्हणून २०१९ पर्यंत उभें होतें. जेथें नुसत्या नांवानें संसार मोडतो तेथें मनुष्य अंगावरचा चट्टा सदऱ्याखालीं लपवितो आणि बोटें वांकडीं झाल्यावर डॉक्टराकडे येतो. जीभ सैल असलेल्या गांवांतच रोग अधिक लपतो.

आतां डॉक्टराच्या चोपडीची जागा संगणकानें घेतली आहे. सरकारनें २०२१ सालीं जें आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू केलें, त्यांत इच्छा असणाऱ्यास चौदा आंकड्यांचा ‘आभा’ क्रमांक मिळतो, व त्याच्या संमतीनें त्याचे कागद एका इस्पितळांतून दुसऱ्यांत पाहतां येतात. गरिबास ही सोय मोठी आहे. एक्स-रेची पिशवी कांखेंत घेऊन त्यास दारोदार हिंडावें लागणार नाहीं. पण संमति ही समजून द्यावयाची वस्तु आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी मागणाऱ्यास, “हा कशासाठीं? माझे कागद कोण पाहणार?” असें विचारण्यास आपण लाजूं नये. व्यक्तींच्या माहितीचें रक्षण करणारा कायदा २०२३ सालीं संमत झाला आहे. पण विचारणारें तोंडच नसेल तर कायदा काय करील? वर सांगितलेल्या २००२ च्या नियमांप्रमाणें रोग्यानें मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आंत त्याचे कागद त्यास मिळावेत, हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें. ठेव ज्याची त्यास ती पाहावयास मिळालीच पाहिजे.

शेवटीं मंडळ्यांतील उपदेशक बंधूंस व भगिनींस दोन शब्द. गांवांत ज्यांस वाचतां येतें त्यांच्याकडे लोक डॉक्टराचा कागद घेऊन येतात, आणि दवाखान्यांत बरोबर चला म्हणतात. त्या क्षणीं डॉक्टराजवळची ठेव तुमच्याहि हातीं येते. कागद वाचून दाखवावा व घडी करून परत द्यावा. त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटांत पाठवूं नये. आजाऱ्यासाठीं उपासनेंत प्रार्थना अवश्य करावी, परंतु आधीं त्याला विचारावें कीं, “तुमचें नांव घेऊं काय? दुखणें कोणतें तें सांगूं काय?” तो नको म्हणाला तर ‘आपल्यांतील एक आजारी बहीण’ एवढें बोलणें पुरे आहे. ज्याची प्रार्थना करावयाची त्या देवास रोगाचें नांव सांगावें लागत नाहीं. तें ऐकण्याची उत्सुकता बहुधा आपल्या शेजारीं बसलेल्यासच असते.

असो. त्या बाईनें माहेरच्या गांवीं पुन्हां औषध सुरू केलें, असें आम्हांस कळलें आहे. तेथील औषधें देणारी परिचारिका तिला नांवानें हांक मारीत नाहीं. खिडकींतून नुसती मान हालविते, आणि ती बाई पुढें जाऊन गोळ्या घेते.